भैय्याचा राग भैय्याचा नव्हता

परवा सरकारी कामांचे फॉर्म भरायच्या आमच्या सेंटरवर धारूरकडच्या एक बाई आल्या होत्या, नवऱ्याच्या आयुष्मान कार्डचं काम होतं. नवऱ्याला गाडीवरून पडून डोक्याला मार लागलेला, आठ महिने झालेले. अंगठा द्यायला हात पुढं केला आणि एकदम म्हणाल्या, "भाऊ, माणूस वाचला, पण हा आमचा माणूस न्हाई. आता मारायला धावतो." माझं काम तिथंच थांबलं. तीन वर्षांपूर्वी आमच्या वहिनी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसून जवळपास हेच बोलल्या होत्या आणि तेव्हा आमच्यापैकी एकालाही त्यावर काय बोलावं ते सुचलं नव्हतं. त्या बाईंना मी अर्धा तास बसवून घेतलं, जे माहीत होतं ते सांगितलं, आणि रात्री घरी आल्यावर वाटलं की आता लिहूनच काढावं, कारण आमचं एक अख्खं वर्ष निव्वळ माहीत नसल्यामुळं वाया गेलं, दुसऱ्या कुणाचं तरी जाऊ नये.

आमचा भैय्या, म्हणजे माझा मोठा भाऊ, मोटार वायंडिंग करतो, जळालेल्या मोटारी दुरुस्त करतो. केजच्या आसपासच्या खेड्यांत कुणाची पाणबुडी मोटार जळाली, कुणाचा स्टार्टर धरंना, की फोन भैय्यालाच. शेतातली थ्री फेज लाईट आठवड्याच्या पाळीनं रात्रीची असते, त्यामुळं मोटारी बिघडतात त्या रात्रीच, आणि गहू-हरभऱ्याला पाणी द्यायच्या दिवसांत शेतकरी सकाळपर्यंत थांबू शकत नाही. डिसेंबर २०२१ ची गोष्ट. रात्री साडेअकराला एकाची मोटार चालू करून देऊन भैय्या परत येत होता आणि उसाच्या फडातून रानडुकरांचा कळप रस्त्यावर आला. हेल्मेट दुकानातच खिळ्याला टांगलेलं होतं, जवळच जायचंय म्हणून घेतलं नव्हतं. मागून येणाऱ्या टेम्पोवाल्यानं १०८ ला फोन केला म्हणून वेळेत अंबाजोगाईला तरी पोचलो.

तिथं सीटी स्कॅन झाला, रात्रीच लातूरला न्या म्हणले, पहाटे ऑपरेशन. डॉक्टर म्हणले जीसीएस ६ आहे. मी सेंटरवर दिवसभर लोकांचे आकडेच भरतो पण हा आकडा काय असतो ते मला त्या रात्री कळलं. डोळे उघडतो का, बोलतो का, हातपाय हलवतो का यावर मार्क असतात, शुद्धीवरच्या चांगल्या माणसाचे पंधरा आणि अगदीच काही नसलं तरी तीन. म्हणजे सहा हे पंधरापैकी सहा नसतात, ते तळापासून फक्त तीन वर असतात. आबांना मी हे सांगितलं नाही. आबांना सांगितलं, सहा आहेत.

मेंदूला सूज होती म्हणून कवटीच्या डाव्या बाजूचा हाडाचा तुकडा काढला आणि तो भैय्याच्याच पोटाच्या कातडीखाली ठेवला. हे ऐकून आम्ही सगळे डॉक्टरांच्या तोंडाकडं बघत राहिलो होतो. सूज उतरायला जागा लागते, आणि हाड शरीरातच नीट राहतं, नंतर परत बसवता येतं, असं त्यांनी समजावलं. एकोणीस दिवस भैय्या बेशुद्ध. डोळे उघडले तरी ओळख नाही. बावन्नाव्या दिवशी घरी आणला तेव्हा नाकात नळी, लघवीची नळी, गळ्यावर श्वासाच्या छिद्राची ताजी खूण, आणि डोक्याच्या डाव्या बाजूला खोलगट मऊ जागा. ती जागा तान्ह्या लेकराच्या टाळूसारखी लपलप उडायची. माय पहिल्या दिवशी वाटीत तेल घेऊन आली, लहानपणी भैय्याची टाळू तिनंच भरली होती, आणि त्या जागेपाशी तिचा हात आला आणि तसाच हवेत राहिला. वाटी खाली ठेवून ती त्याच्या पायाला तेल चोळायला लागली. पुढं मेमध्ये हाड परत बसवलं तोपर्यंत तिनं रोज पायालाच तेल चोळलं. भैय्याचा पोरगा तेव्हा सहा वर्षांचा होता, पोटावरचा उंचवटा बघून विचारायचा, "पप्पाचं डोकं पोटात ठेवलंय का?" आणि वहिनी व्हय म्हणायच्या.

त्या महिन्यांबद्दल फार लिहीत नाही, ज्यांच्या घरात असा पेशंट आहे त्यांना माहीतच आहे. दर दोन तासाला कूस बदलायची, मोबाईलला अलार्म, पाठीला जखम होऊ द्यायची नाही, वरणाचं पाणी, दूध, नाचणीची पेज मिक्सरमधून काढून गाळून सिरिंजनं नळीतून द्यायचं, देताना आणि दिल्यावर डोकं उंच ठेवायचं नाहीतर फुफ्फुसात जातं. ऑपरेशनचा मोठा भाग महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बसला, तिथल्या आरोग्यमित्रानं केशरी कार्ड बघून सगळी कागदं केली, त्या पोराचे उपकार आम्ही विसरणार नाही. पण एअर बेड, डायपर, फिजिओ, गाडीभाडं हे कुठल्याच योजनेत नसतं. आबांनी बैलजोडी विकली. ज्या दिवशी विकली त्या दिवशी ते जेवले नाहीत, एवढंच.

आणि मग भैय्या सुधारायला लागला. पहिले सहा महिने तर आम्हाला दर आठवड्याला काहीतरी नवीन दिसायचं, बोटं हलली, मान धरली, भिंतीला धरून उभा राहिला. बोलणं मात्र येईना. वहिनीचं नाव घ्यायचं असायचं, तोंड उघडायचं, नुसता घाम यायचा. एकदा माझा पुतण्या ओट्यावर बसून पाढे म्हणत होता, बे एके बे, बे दुणे चार, आणि आतल्या खाटेवरून आवाज आला, बे त्रिक सहा. आम्ही सगळे धावत आत. भैय्या बे दाहे वीसपर्यंत गेला, एकही चुकला नाही, आणि मग वहिनीकडं बोट करून "ही कोण?" विचारलं तर परत तोच घाम. स्पीच थेरपिस्ट आमच्या तालुक्यात नव्हता, फोनवर व्हिडिओ लावून संभाजीनगरच्या एक ताई शिकवायच्या, त्यांनी सांगितलं की पाढे, आकडे, वार, आरत्या हे लहानपणापासून तोंडात बसलेलं असतं, ते मनातून शब्द शोधून बोलण्यापेक्षा वेगळ्या वाटेनं येतं, म्हणून ते आधी येतं. त्याच वाटेवरून हळूहळू बाकीचं आणायचं. मग आमच्या घरात सकाळ-संध्याकाळ पाढे सुरू झाले, बापाचे आणि लेकाचे एकत्र. नऊ महिन्यांनी भैय्यानं वहिनीचं नाव घेतलं.

गावात सगळे म्हणायला लागले, झाला बाबा बरा, योगेश्वरी पावली. मायनं अंबाजोगाईला जाऊन नवस फेडला. चालतोय, बोलतोय, जेवतोय, अजून काय पाहिजे.

इथून आमचं ते वाया गेलेलं वर्ष सुरू होतं.

भैय्या पहिल्यापासून शांत माणूस. दुकानात उधारी बुडवणाऱ्यालासुद्धा कधी चढ्या आवाजात बोलला नाही. आता वरणात मीठ कमी पडलं तर ताट भिंतीवर. टीव्ही चालू, तेवढ्यात कुकरची शिट्टी, तेवढ्यात फोन, की ओरडायला लागायचा. नाहीतर दिवसभर भिंतीकडं तोंड करून पडून राहायचा, अंघोळीला उठ म्हणलं तरी उठायचा नाही. एकच प्रश्न दहा वेळा. पाहुण्यांसमोर तोंडाला येईल ते बोलायचा. २०२२ च्या दिवाळीत अंगणात पोरं फटाके उडवत होती, घर पाहुण्यांनी भरलेलं, आणि भैय्यानं चहाचा कप पोराला फेकून मारला. भुवईच्या वर लागलं, तीन टाके. पोराला मार लागला हे बघून भैय्या स्वतःच रडायला लागला आणि दहा मिनिटांनी कुणाला टाके पडले म्हणून विचारायला लागला.

आम्ही काय केलं? आम्ही त्याला बोललो. मी सगळ्यात जास्त बोललो. म्हणलं, तुझ्यापायी बैलं गेली, वहिनी रात्र रात्र जागल्या, आणि तू लेकराला मारतोस? मला वाटायचं की त्याला कळतंय आणि तो मुद्दाम करतोय, माजलाय. हे वाक्य मी चार लोकांसमोर बोललोय. आज ते आठवलं की पोटात कालवतं. वहिनींच्या माहेरचे येऊन म्हणाले, पोरीला घेऊन जातो. कुणी म्हणलं बाहेरचं आहे, मग एका ठिकाणी नेलं, ताईत बांधला, पाच अमावास्या झाल्या. आणि सगळ्यात वाईट म्हणजे एका पाहुण्याच्या सांगण्यावरून फिटच्या गोळ्या बंद केल्या, की त्यानंच डोकं गरम होतं. गोळ्या एकदम बंद केल्या आणि आठच दिवसांत भैय्याला मोठी फिट आली, न्हाणीत, दगडावर. मी अगदी हात जोडून सांगतो, मेंदूला मार लागलेल्या माणसाची फिटची गोळी डॉक्टरला विचारल्याशिवाय एक दिवसही चुकवू नका. गोळीमुळं खरंच चिडचिड वाढतेय असं वाटलं तर ते डॉक्टरला सांगा, काही गोळ्यांनी तसं होतंही, डॉक्टर बदलून देतात, पण ते ठरवायचं डॉक्टरनं.

त्या फिटमुळं आम्ही संभाजीनगरला एका मेंदूविकाराच्या मॅडमकडं गेलो. मार्च २०२३. मॅडमनी स्कॅन बघितला आणि वहिनींना एकच विचारलं, "चिडचिड करतात का?" वहिनी सव्वा वर्षात पहिल्यांदा परक्या माणसासमोर रडल्या. मग मॅडम भैय्याकडं वळल्या, काय काम करता, तर भैय्या म्हणाला मोटार. मॅडम म्हणाल्या, "लोड जास्त झाला तर मोटार जळू नये म्हणून काय बसवतात?" भैय्या, ज्याला सकाळी काय खाल्लं ते सांगता येत नव्हतं, पटकन म्हणाला, "ओव्हरलोड रिले."

"तुमचा तोच गेलाय," मॅडम म्हणाल्या.

मग कागदाच्या मागं डोक्याचं चित्र काढून दाखवलं. कपाळामागचा जो मेंदूचा भाग आहे त्याला दोन्हीकडून मार लागलाय. राग सगळ्यांनाच येतो, पण तो आल्यावर थांब म्हणणारा, इथं असं बोलू नये म्हणणारा, आणि सकाळी ऊठ, अंघोळ कर म्हणून ढकलणारा, ही सगळी कामं तोच भाग करतो. बाकीच्यांचा रिले करंट वाढला की ट्रिप होतो, म्हणजे लाईन तोडतो, यांचा होत नाही, म्हणून सरळ जळतं. वर मेंदू लवकर थकतो, आपल्याला सहज जमणाऱ्या दोन-तीन आवाजांतून एक आवाज निवडून ऐकायला यांना उसाचा फड तोडल्याएवढी मेहनत पडते. "हे यांचा स्वभाव नाही, ही त्या जागेची इजा आहे. पाय मोडलेल्या माणसाला चाल म्हणून तुम्ही रागावता का?"

वीस मिनिटं. एवढंच बोलणं होतं. हे आम्हाला पहिल्या दवाखान्यातून घरी सोडताना कुणी सांगितलं असतं तर. तिथं टाके, ड्रेसिंग, गोळ्या सगळं सांगितलं होतं, हे सोडून.

नंतर मी रात्री मोबाईलवर शोधून शोधून वाचायला लागलो. अमेरिकेत १८४८ साली फिनिआस गेज नावाचा रेल्वेचा मुकादम होता, सुरुंगाच्या स्फोटात लोखंडी पहार त्याच्या गालातून घुसून कपाळाच्या वरून बाहेर पडली आणि तो जगला. पण त्याचे मित्र म्हणायचे हा आता गेज राहिला नाही. धारूरच्या बाई म्हणाल्या तेच, पावणेदोनशे वर्षांपूर्वी. सगळीकडं त्याची एवढीच गोष्ट सांगतात. मला मात्र पुढची महत्त्वाची वाटते, तोच माणूस नंतर चिली देशात जाऊन कित्येक वर्षं घोडागाडी हाकत होता, रोज तेच काम, तोच रस्ता, ठरलेली वेळ. असं काम त्याला धरून ठेवत असणार असं काही जाणकारांचं म्हणणं आहे, आणि आमच्या भैय्याकडं बघून मला ते पटतं.

मग घर बदललं. भैय्याला बदलायचं सोडून आम्ही घर बदललं. एका वेळी एकानंच बोलायचं. जेवताना टीव्ही बंद. मिक्सर तो बाहेर असताना. दुपारी दीड तास झोप म्हणजे झोप, त्या वेळात कलेक्टर आले तरी उठवायचं नाही. पाहुणे एकावेळी दोन. उठायची, अंघोळीची, जेवणाची वेळ पक्की, आणि "अंघोळ कर" असं नुसतं लांबून सांगायचं नाही, हातात टॉवेल द्यायचा, कारण त्याला नको असतं असं नाही, सुरुवात करणंच जमत नसतं. भडकायच्या आधी तो डावा कान चोळायला लागतो हे पोरानं शोधून काढलं, आम्हा मोठ्यांपैकी कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. कान चोळायला लागला की पोरगा म्हणतो, "पप्पा, ट्रिप." की भैय्या उठून मागच्या लिंबाखाली जाऊन बसतो. पहिले काही महिने रागातच जायचा, कधी जायचाच नाही. आता आपण होऊन जातो, जाताना स्वतःच म्हणतो, "ट्रिप झालो."

आणि वही. वहिनींनी दोनशे पानी वही केली, पेन दोरीनं तिलाच बांधलेला. आज वार कोणता, गोळी घेतली का, कोण आलं, काय बोलणं झालं. सुरुवातीला वहिनीच लिहायच्या, मग भैय्या लिहायला लागला, ओळ तिरपी व्हायची, अक्षर पोराच्या अक्षरासारखं. एका पानावर आहे: "आज मंगळवार. ७ वा. गोळी घेतली. मामा आले गेले. मामा कधी येणार विचारायचं नाही." त्याच्या खालच्या ओळीत: "पोराच्या कपाळावर खूण आहे. ती मी केली. परत विचारायचं नाही." हे त्यानं लिहिलेलं आम्हाला कुणाला माहीत नव्हतं, वहिनींना पंधरा दिवसांनी सापडलं. पोराला विचारलं तर पोरगा म्हणाला, हो, पप्पांनी मला विचारलं, मी सांगितलं, आणि मीच म्हणलं लिहून ठेवा.

वहिनींबद्दल लिहायचं राहिलंच, आणि राहतं ते असंच राहतं. सगळे येऊन भैय्याला बघून जायचे, वहिनींना चहा करायला लावायचे. चुलतभावाच्या लग्नात मी बघितलं, अक्षता चालू आहेत, बँड वाजतोय, आणि वहिनी खुर्चीवर बसल्या बसल्या झोपलेल्या, हातात अक्षता तशाच. त्या दिवशी ठरवलं, रविवार माझा. रविवारी सकाळपासून रात्रीपर्यंत भैय्याचं सगळं मी करतो आणि वहिनींनी झोपावं, माहेरी जावं, काहीही करावं. मी त्यांना एकदा विचारलं, खरं सांगा, पहिले भैय्या आठवतात का? म्हणल्या, "भाऊजी, आठवतात ना. पण पहिले हे दुकानातून यायचे, जेवायचे, झोपायचे, माझ्याशी चार शब्द बोलायचे न्हाईत. आता दिवसभर काय केलं ते वहीतून वाचून दाखवतात." मला यावर काय बोलावं कळलं नाही, अजून कळत नाही.

एक कामाची गोष्ट, कारण हे माझ्या रोजच्या धंद्यातलं आहे. दिव्यांग प्रमाणपत्र काढायला गेलो तेव्हा पहिल्या वेळी फक्त उजव्या हाताची कमजोरी मोजली आणि टक्केवारी चाळीसच्या खाली आली, आणि बहुतेक सवलती चाळीसपासून सुरू होतात. विसरणं, वागणं, थकणं हे नुसतं बघून दिसत नाही, त्यामुळं जाताना मेंदूविकाराच्या डॉक्टरांची सगळी कागदं आणि मानसशास्त्रज्ञांनी घेतलेल्या स्मरणशक्तीच्या चाचण्यांचे रिपोर्ट बरोबर न्या. दुसऱ्या वेळी आम्ही तसं केलं, काम झालं.

२०२४ च्या पावसाळ्यानंतर भैय्या दुकानात जायला लागला, आधी सकाळचे दोन तास, आता चार. गाडी नाही, मी सोडतो. हाताला काम आठवत होतं, स्टेटरमध्ये, म्हणजे मोटारीच्या न फिरणाऱ्या भागात, इन्सुलेशनचा कागद घालणं, कॉइल बसवणं, बोटं आपोआप चालायची. पण तारेचे वेढे मोजताना गडबड व्हायची, मधे कुणी नमस्कार केला की आकडा गेला, आणि वेढे चुकले की मोटार गेली. मग त्यानंच युक्ती काढली, दोन वाट्या, दहा वेढे झाले की एका वाटीतला एक वायसर (वॉशर) दुसऱ्या वाटीत. आता कुणीही मधे बोललं तरी वायसर मोजले की कळतं.

एक गोष्ट परत आली नाही. वास. नाकाच्या वर कवटीच्या चाळणीसारख्या हाडातून वासाच्या बारीक नसा मेंदूत जातात, डोकं जोरात हादरलं की त्या तुटतात, मॅडम म्हणाल्या वर्षभरात नाही आला तर फार आशा धरू नका. घरात गॅस सुटला तरी त्याला कळत नाही, म्हणून वहिनी रात्री रेग्युलेटर बंद करतात. दुकानात मात्र त्याचं मोठं नुकसान झालं, कारण भैय्या पहिल्यापासून मोटार उघडली की मीटर लावायच्या आधी वास घ्यायचा, वार्निश जळाल्याचा तो कडवट वास, आणि सांगायचा की पूर्ण गेली का एकच कॉइल.

मागच्या रविवारी मी आणि पोरगा दोघं दुकानात होतो. एक शेतकरी पाणबुडी घेऊन आला. भैय्यानं बोल्ट काढले, कव्हर बाजूला केलं, आणि सवयीनं नाक खाली नेलं. तसाच थोडा वेळ राहिला. मग मान वर करून म्हणाला, "इकडं ये रं, वास घे."

पोरगा आता दहा वर्षांचा आहे. गुडघे टेकून त्यानं आत नाक घातलं.

"जळालंय पप्पा. लई न्हाई. ह्या बाजूनंच येतोय."

भैय्यानं वही ओढली आणि लिहिलं.